गॅम्बियाच्या खेड्यात राहायला जाताना : मराठी स्वयंसेवकासाठी मार्गदर्शन

पश्चिम आफ्रिकेतील खेड्यांत स्वयंसेवक म्हणून जाणाऱ्यांच्या हाती जी माहितीपत्रके पडतात, ती बहुतेक युरोप-अमेरिकेतील माणूस समोर ठेवून लिहिलेली असतात. उजव्या हाताने जेवावे, चटईवर बसण्यापूर्वी चपला काढाव्यात, वडीलधाऱ्यांसमोर आवाज चढवू नये, अशा सूचनांनी त्यांची पाने भरलेली असतात. मराठी घरात वाढलेल्या माणसाला ती वाचून हायसे वाटते आणि आपल्याला नव्याने शिकण्यासारखे फारसे काही नाही, असा त्याचा समज होतो. हा समज घेऊन जाऊ नये. आपली अडखळण्याची ठिकाणे वेगळी आहेत: जेवणाचे भांडे, एकांत, मागणे आणि देणे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे 'मी इथे कामासाठी आलो आहे' ही आपली पक्की धारणा. तिथल्या खेड्याला तुमचे काम नको असते असे नाही. परंतु तुम्ही कोणाच्या घरचे, हे ठरल्याशिवाय तुमच्या कामाला तिथे जागा मिळत नाही.

पश्चिम आफ्रिका फार मोठी आहे, म्हणून हा लेख गॅम्बिया या एका देशापुरता आणि त्यातही मुख्यतः मांडिंका भाषकांच्या खेड्यांपुरता ठेवला आहे. आफ्रिकेच्या मुख्य भूमीवरील हा सर्वांत लहान देश म्हणजे गॅम्बिया नदीच्या दोन्ही तीरांवरची चिंचोळी पट्टी असून, समुद्राची बाजू सोडली तर ती सगळीकडून सेनेगलने वेढलेली आहे. १८ फेब्रुवारी १९६५ रोजी हा देश ब्रिटिश सत्तेतून मुक्त झाला. कारभाराची आणि शाळेची भाषा इंग्रजी असल्यामुळे भारतीय स्वयंसेवकाला इथे सुरुवात करणे फ्रेंच भाषक शेजारी देशांपेक्षा सोपे जाते. लोकसंख्येत नव्वद टक्क्यांहून अधिक मुस्लिम आहेत आणि मांडिंका, फुला, वोलोफ, जोला, सेराहुले असे समाज पुष्कळदा एकाच गावात नांदतात.

निघण्यापूर्वी

निवड तुमच्या हाती असेल, तर नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पोहोचावे. पाऊस साधारण जून ते ऑक्टोबर असतो. जुलै ते सप्टेंबर या काळात मागच्या हंगामाचे धान्य संपत आलेले आणि नवे पीक अजून शेतात उभे, अशी ओढगस्तीची स्थिती असते. त्या महिन्यांत आलेल्या पाहुण्यालाही भांड्यातला चांगला घास पुढे केला जातो. फक्त तो कोणाच्या वाट्यातून आला, हे नवख्याला दिसत नाही. कापणीनंतर भुईमूग विकून हातात थोडा पैसा आलेला असतो, लग्ने आणि बारशी होत असतात, लोकांना बसून बोलायला वेळ असतो. गावाची ओळख करून घ्यायला तोच काळ बरा.

पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी आणि तिचे प्रमाणपत्र परतीच्या प्रवासापर्यंत जपून ठेवावे, कारण त्यावाचून भारतात उतरल्यास विलगीकरणात राहावे लागू शकते. मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्यांविषयी डॉक्टरांशी बोलून घ्यावे. कपड्यांच्या बाबतीत भारतीय स्त्रीची सोय आपोआप झालेली असते: सैलसर सलवार-कमीज आणि ओढणी हा वेश गावात कोणालाही खटकत नाही. पुरुषांनी मात्र अर्धी विजार घालून गावात फिरू नये, तो पोरांचा पोशाख समजला जातो. मुलांना वाटायला गोळ्या-चॉकलेटे नेण्याचा मोह टाळावा. 'तुबाब, मिंटी!' असे ओरडत पाहुण्यांच्या मागे धावणारी मुले आधी येऊन गेलेल्या पाहुण्यांनीच घडवली आहेत. तुबाब हा शब्द मूळचा गोऱ्यांसाठीचा. तो आपल्यालाही लावला जाईल, कारण त्यात रंगाइतकाच परकेपणाचा आणि ऐपतीचा भाग असतो. त्यावर रागावण्यात अर्थ नाही. थांबून, हसून आपले नाव सांगावे. काही दिवसांत निदान आपल्या गल्लीतली मुले तरी नावाने हाक मारू लागतात.

पहिला दिवस : अल्कालोकडे

गावप्रमुखाला अल्कालो म्हणतात. बहुधा गाव वसवणाऱ्या घराण्यातला हा माणूस जमिनीच्या वाटपापासून भांडणे मिटवण्यापर्यंत सगळे पाहतो. गावात पाऊल टाकल्यावर पहिली भेट त्याची, आणि ती रिकाम्या हाताने घ्यायची नाही. मूठभर कोलाच्या बिया सोबत न्याव्यात. चवीला कडू, तुरट अशा या बिया दक्षिणेकडच्या पावसाळी जंगलांतून येतात आणि बाजारात सहज मिळतात. एकटे जाऊ नये. यजमान कुटुंबातील एखादा वडील माणूस बरोबर असावा आणि बियाही त्यानेच, शक्य तर आणखी एकामार्फत, पुढे कराव्यात. तुमचे म्हणणे मध्यस्थाच्या तोंडून जाणे हा तिथे मानाचा भाग आहे. अल्कालो समोर बसलेला असताना, तुमचे वाक्य त्याला ऐकू गेलेले असतानाही, दुसरा माणूस ते पुन्हा मोठ्याने सांगतो. वेळ वाचवण्यासाठी थेट बोलायला जाऊ नये. बिया स्वीकारून त्या जमलेल्यांत वाटल्या गेल्या की तुमचे येणे सर्वांच्या साक्षीने नोंदले गेले असे समजावे.

बैठक बहुधा बांटाब्यावर होते. मोठ्या झाडाच्या सावलीतला लाकडी ओंडक्यांचा किंवा सिमेंटचा हा चौथरा पाहून आपल्याला गावाकडच्या पाराची आठवण होईल, आणि त्याचा उपयोगही जवळजवळ तोच आहे. पहिल्या भेटीत प्रकल्पाचे वेळापत्रक, निधी, उद्दिष्टे यांतले काहीही काढू नये. मी अमुक घरी राहणार आहे, मला भाषा शिकायची आहे, चुकलो तर सांगा, एवढे पुरेसे आहे. त्यानंतरच्या दिवसांत इमाम, प्रत्येक काबिलोचा म्हणजे भाऊबंदकीच्या वाड्याचा प्रमुख, स्त्रियांच्या मंडळाची पुढारी आणि ग्रामविकास समितीची माणसे यांच्याकडे वेगवेगळे जाऊन यावे. हा क्रम यजमानाला विचारूनच ठरवावा. अगोदर कोणाकडे गेलात याची नोंद गाव ठेवते.

नाव घेणे आणि घरचे होणे

यजमान कुटुंब तुम्हाला बहुतेक पहिल्याच आठवड्यात स्थानिक नाव देईल. आडनाव यजमानाचे असते आणि पहिले नाव घरातल्या किंवा गावातल्या कोणाचे तरी. ज्याचे नाव तुम्हाला मिळाले तो तुमचा तूमा झाला. हे नाते लाडाचे असते, पण त्यात कर्तव्यही असते: सणाला त्याला काहीतरी द्यायचे, आजारी पडला तर बघून यायचे, त्याच्या मुलांना आपली म्हणायचे. काही स्वयंसेवक 'मला माझ्याच नावाने हाक मारा' असे सांगतात. मला हा हट्ट अनाठायी वाटतो. तुमचे मूळ नाव गावाला काहीच सांगत नाही. 'फातू सीसे' म्हटले की मात्र कोणाच्या अंगणात तुम्ही जेवता, कोणाची सून तुम्हाला नणंद म्हणेल आणि कोणी तुमची चेष्टा करायची, हे सगळे एका दमात ठरून जाते.

घर म्हणजे कुंपणाच्या आतली अनेक खोल्यांची वस्ती. एक कर्ता पुरुष, त्याच्या एक किंवा अधिक बायका, भाऊ, भावजया, मुले, शिकायला ठेवलेली नातलगांची पोरे. चार बायकांपर्यंतचे विवाह धर्माने आणि रूढीने मान्य आहेत. सवतींचे आपापसांतले संबंध, कोणत्या दिवशी स्वयंपाक कोणाचा, हे समजून घ्यावे, त्यावर मत देऊ नये. 'तुमचे लग्न झाले का, मुले किती, का नाहीत' हे प्रश्न मराठी माणसाला नवे नाहीत; उत्तर हसत द्यावे. स्वयंसेविकेला लग्नाची मागणी वारंवार येईल, आणि ती पुष्कळदा अर्धी चेष्टाच असते. 'माझ्या वडिलांना गाई पाठवा, मग बघू' असे काहीतरी उत्तर दिले की हशा पिकतो आणि विषय संपतो.

अभिवादन

मांडिंका खेड्यातील अभिवादन हे बोलण्याची प्रस्तावना नसून त्या भेटीचे निम्मे काम असते. सलाम-आलेकुम आणि त्याचे उत्तर झाल्यावर घरच्यांची चौकशी होते: सूमोलू ले, घरची मंडळी कुठे आहेत, उत्तर इ बे जे, आहेत तिथेच. कोर तानान्ते, काही त्रास नाही ना. उत्तर तानान्ते, नाही. कायिरा बे, शांती आहे ना. उत्तर कायिरा दोरोंग, केवळ शांती. मग आई, वडील, मुले, काम, मागच्या गावचे लोक. घरात कोणी आजारी असले तरी या फेरीत उत्तर 'शांती' असेच द्यायचे असते. आजाराची बातमी फेरी संपल्यावर, बसल्यानंतर निघते. शेतात राबणाऱ्याला किंवा उखळात कांडणाऱ्या बाईला ओलांडून जाताना 'निंबारा' म्हणावे, त्यात तिच्या कष्टाची दखल असते. आडनाव दोन-तीनदा उच्चारणे हाही अभिवादनाचाच भाग आहे, त्यात त्या घराण्याचा मान असतो.

आपल्याकडे रोज भेटणाऱ्या शेजाऱ्याला मान हलवली किंवा 'काय, जेवण झालं का' एवढे विचारले तरी भागते. तिथे भागत नाही. सकाळी विहिरीवर जाताना दहा अंगणांसमोरून जावे लागत असेल, तर दहा वेळा थांबायचे आहे हे धरूनच घरातून लवकर निघावे. अभिवादन न करता थेट प्रश्न विचारणारा माणूस कितीही उपयोगी असला तरी उर्मट ठरतो. हस्तांदोलन नेहमी उजव्या हाताने करावे. एकच अपवाद आहे: लांबच्या प्रवासाला निघणाऱ्याशी मुद्दाम डावा हात मिळवतात, म्हणजे ही चूक दुरुस्त करायला त्याने परत यावे. स्त्री-पुरुषांत हात मिळवण्याबाबत समोरच्याने हात पुढे केला तरच आपण करावा. वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांत रोखून पाहू नये, आणि आपल्यापेक्षा लहान माणूस खाली पाहत बोलला तर तो काही लपवत आहे असे समजू नये.

जेवण : एका भांड्यात अनेक हात

मराठी स्वयंसेवकाची खरी परीक्षा इथे होते. हाताने जेवणे आपल्याला येते, पण एका भांड्यात दुसऱ्याच्या हातासोबत हात घालणे हे उष्ट्या-खरकट्याच्या आपल्या संस्काराला थेट धक्का देते. हा धक्का बसतो हे मान्य करून आधीच मनाची तयारी ठेवावी.

व्यवस्था अशी असते. हात धुण्यासाठी पाण्याचे भांडे फिरते. चटईच्या मध्यभागी इनॅमलचे मोठे पसरट भांडे येते, त्यात तळाशी भात किंवा बाजरीचे चेरे, म्हणजे वाफवलेले रवाळ पीठ, आणि वर शेंगदाण्याची दाट आमटी, म्हणजे दोमोदा, किंवा भेंडीचे, पालेभाजीचे कालवण; मधोमध मासळीचा किंवा मांसाचा तुकडा आणि एखाददुसरे वांगे, रताळे. पुरुषांचे भांडे वेगळे, बायका-मुलांचे वेगळे. पाहुण्याला बहुधा पुरुषांच्या भांड्यावर किंवा कर्त्याबरोबर बसवतात, पाहुणी स्त्री असली तरीही. सगळे 'बिस्मिल्ला' म्हणतात. प्रत्येकाने आपल्यासमोरचा तेवढाच भाग खायचा असतो. शेजाऱ्याच्या कोपऱ्यात किंवा मधल्या तुकड्याकडे हात न्यायचा नसतो. मधला तुकडा घरची वडील बाई किंवा कर्ता पुरुष बोटांनी मोडतो आणि त्याचे लहान भाग एकेकासमोर टाकतो. पाहुण्यासमोर जास्त पडतात. भाताचा मुठीत गोळा करून, तेल निथळून तो तोंडात टाकायचा. बोटे चाटायची ती शेवटी, मध्ये नाही. लहान मुलाला भांड्याची कड डाव्या हाताने धरून ठेवायला सांगतात, म्हणजे भांडे हलत नाही आणि मुलाचा डावा हातही अडकून राहतो. पोट भरले की उठावे. सगळ्यांचे संपेपर्यंत बसून राहिलात तर अजून हवे आहे असा अर्थ होतो. उठताना 'अबाराका' म्हणून आभार मानावेत.

म्हणजे प्रत्येकाचा कोपरा ठरलेला असल्यामुळे आपल्या ताटाची सीमा तिथेही आहे, फक्त ती धातूच्या कडेने आखलेली नाही. हे लक्षात आले की बराचसा संकोच ओसरतो. चमचा मागितल्यास आनंदाने मिळतो. वेगळे ताट मागणे मात्र टाळावे. मागितले तर तेही मिळेल, पण त्यानंतर तुम्ही रोज एकट्याने जेवाल.

शाकाहाराचा प्रश्न अधिक अवघड आहे. 'मी मांस खात नाही' याचा अर्थ पुष्कळ ठिकाणी 'मासे चालतात' असाच घेतला जातो, आणि सुकवलेल्या किंवा धुरावलेल्या मासळीचा चुरा पालेभाजीच्या कालवणातही असतो. कट्टर शाकाहारी व्यक्तीने ही गोष्ट गावी जाण्यापूर्वी संस्थेमार्फत आणि पहिल्या जेवणाआधी कर्त्याच्या पत्नीला समजावून सांगावी. कारण धर्माचे सांगितले तर ते लगेच पटते, आवडीनिवडीचे पटत नाही. तुमच्यासाठी मासळी घालण्याआधी दोमोद्याचा थोडा भाग बाजूला काढणे ही मागणी अवाजवी नाही. भांड्यावरून उठताना पाहुण्याने अन्नाला नावे ठेवणे किंवा वास घेऊन पाहणे हे मात्र क्षम्य नाही. घरखर्चाला हातभार म्हणून महिन्याकाठी तांदळाचे पोते आणून देण्याची पद्धत आहे. ते कर्त्याच्या हाती, सर्वांसमोर द्यावे. डुकराचे मांस आणि दारू गावात आणू नये.

वेळ आणि एकांत

दिवसाचे तुकडे घड्याळाने नव्हे, नमाजांनी पाडलेले असतात. सभा 'सालिफानानंतर' ठरली म्हणजे दुपारच्या, साधारण दोनच्या नमाजानंतर; 'अलान्सारानंतर' म्हणजे पाचच्या पुढे. अकरा वाजता सभा बोलावणारा स्वयंसेवक दीडपर्यंत एकटाच बसलेला दिसतो आणि गावाला शिस्त नाही असे डायरीत लिहितो. स्त्रियांची सभा असेल तर त्यांचा दिवस आधी पाहावा: पहाटे कांडण, पाणी, मग भाताचे खाचर किंवा भाजीचा मळा, दुपारचा स्वयंपाक. त्यांना मोकळीक मिळते ती उशिरा दुपारी, आणि तीही कडेवरच्या मुलासह.

रिकाम्या वेळी अताया होतो. कोळशाच्या छोट्या शेगडीवर लहानशी किटली, त्यात चिनी हिरव्या चहाची गोळीदार पाने आणि मूठभर साखर. चहा उकळून आटला की बनवणारा तो एका छोट्या काचपेल्यातून दुसऱ्यात वीतभर उंचीवरून ओततो, पुन्हा मागे ओततो, असे करत राहतो, जोवर पेल्याच्या तळाशी घट्ट फेस बसत नाही. पेले दोनच असतात, ते विसळून फिरवले जातात. पहिली फेरी कडू आणि जड, मग त्याच पानांवर पाणी आणि साखर वाढवून दुसरी, मग पुदिना घालून गोड, पातळ तिसरी. तास-दीड तास सहज जातो. चहा पाच मिनिटांत पिऊन कामाला लागण्याची आपली सवय इथे मोडावी लागते, आणि मोडलेली बरी: गावात कोणाचे कोणाशी पटत नाही, मागच्या प्रकल्पाचा पंप कोणी नेला, भाजीमळ्याची विहीर का आटते, या गोष्टी सभेत कोणी सांगत नाही, दुसऱ्या फेरीला सांगतात. पहिला पेला रिकाम्या पोटी आणि झोपायच्या वेळी न घेणे श्रेयस्कर.

एकांताविषयी एकच सूचना. दार लावून खोलीत बसलेला माणूस आजारी तरी आहे किंवा रागावलेला तरी, असे समजून घरचे काळजी करू लागतात. वाचायचे-लिहायचे असेल तर अंगणात, आंब्याखाली बसून करावे. एकटेपण खरोखरच हवे असेल तेव्हा 'मी विश्रांती घेतो' असे सांगून आत जावे.

मागणे, देणे आणि चेष्टा

'तुझे घड्याळ मला दे', 'जाताना सायकल माझ्यासाठी ठेव' अशा मागण्या रोज ऐकू येतात. मराठी मध्यमवर्गीय माणूस उघडपणे काही मागत नाही आणि कोणी मागितले की ओशाळतो, त्यामुळे या मागण्या त्याला लाचार वाटतात. तशा त्या नाहीत. ज्याच्याशी संबंध ठेवायचा त्याच्याकडे मागायचे, आणि नकार हसत स्वीकारायचा, हा तिथला व्यवहार आहे. 'उद्या', 'देवाची इच्छा असेल तर', 'आधी तुझी बकरी मला दे' ही सगळी सभ्य उत्तरे आहेत. सपाट 'नाही' मात्र नाते तोडल्यासारखे वाटते. उलट बाजूने, तुम्ही विचारलेल्या प्रश्नाला आलेले 'इन्शाल्ला' हे प्रत्येक वेळी होकार समजू नका.

बारसे, लग्न, मयत यांसाठी लहान रकमेच्या डलासी नोटा नेहमी जवळ ठेवाव्यात. मूल जन्मल्यावर आठवड्याने होणाऱ्या कुल्लियोत बाळाचे डोके भादरतात, नाव कानात सांगतात, कोला आणि तांदळाच्या पिठाचे गोड गोळे वाटतात. जाली म्हणजे वंशावळी गाणारे भाट तुमच्या नव्या आडनावाची स्तुती गाऊ लागले की त्यांच्या हातात नोट ठेवावी लागते. मयताच्या घरी तर बोलावण्याची वाट न पाहता त्याच दिवशी जाऊन नुसते बसावे. दफन लवकर होते. पुढे ठरावीक दिवसांनी, चाळिसाव्यासह, दानधर्म होतात. प्रवासाहून परतताना घरच्यांसाठी पाव, साबण, फळे असे काहीतरी आणावे लागते. त्याला सिलाफांदो म्हणतात आणि लोक तो हक्काने मागतात.

खाजगी कर्ज मात्र देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याऐवजी गावातल्या ओसूसूत सामील व्हावे. ही आपली भिशीच: ठरलेली रक्कम सगळ्यांनी भरायची आणि पाळीपाळीने एकाने उचलायची. तुमचा पैसा सर्वांसारखा, सर्वांच्या डोळ्यांसमोर फिरतो आणि बायकांच्या बैठकीत तुम्हाला जागा मिळते.

चेष्टेचे एक वेगळेच शास्त्र इथे आहे. काही आडनावांत आणि काही समाजांत परस्परांची टर उडवण्याचा पिढीजात हक्क असतो. मांडिंकात त्याला सानावूया म्हणतात. जोला आणि सेरेर यांच्यात, किंवा न्जी आणि जोब या आडनावांत हे नाते प्रसिद्ध आहे. 'तू खादाड आहेस', 'तू माझा गुलाम आहेस' असे अनोळखी माणसाने बाजारात म्हटले तर ते भांडण नसून ओळख असते, आणि त्याच तोडीचे उत्तर अपेक्षित असते. पोलिसांच्या नाक्यावर, दवाखान्याच्या रांगेत, जमिनीच्या तंट्यात हे नाते तणाव सैल करते. तुमच्या नव्या आडनावाचे सानावू कोण, हे पहिल्या महिन्यातच विचारून घ्यावे. मात्र ज्याच्याशी असे नाते नाही त्याच्यावर हे विनोद करू नयेत.

कामाला हात घालताना

जमीन कोणाची, यापेक्षा त्या तुकड्यावरचे पीक कोणाचे, हा प्रश्न आधी विचारावा. परंपरेने भुईमूग, बाजरी, मका ही माळावरची पिके पुरुषांची आणि नदीकाठच्या दलदलीतील भात बायकांचा. घराच्या सामाईक शेतात पिकलेले कर्त्याच्या ताब्यात जाते. व्यक्तीने स्वतःसाठी कसलेल्या तुकड्याचे, ज्याला कामान्यांगो म्हणतात, उत्पन्न त्या व्यक्तीचे असते. १९८४ मध्ये सुरू झालेल्या जहाली-पाचार भात सिंचन प्रकल्पात हा भेद दुर्लक्षिला गेला. बायका कसत आलेली दलदल सुधारून वर्षाला दोन पिकांची झाली आणि कर्त्या पुरुषांनी ती घराची सामाईक शेते ठरवली. बायकांच्या वाट्याला श्रम वाढले आणि हक्काचे उत्पन्न गेले, त्यातून घराघरांत तंटे उभे राहिले. भाजीमळा, विहीर, गिरणी असे काहीही उभे करण्यापूर्वी, त्याचा पैसा कोणाच्या गाठीला जाणार हे स्त्रियांच्या काफोत, म्हणजे त्यांच्या मंडळात, आणि पुरुषांच्या बैठकीत स्वतंत्रपणे विचारावे.

पाहणी करताना 'मुले किती, गुरे किती' असे थेट विचारू नये. माणसे मोजणे आणि जनावरांचा आकडा उघड करणे अशुभ मानणारे पुष्कळ आहेत, शिवाय आकड्यामागे कर येतो हा अनुभव आहेच. नावे विचारावीत, संख्या आपोआप कळते. बाळाचे तोंडभरून कौतुक करू नये. दृष्टीची भीती आपल्याला समजावून सांगावी लागत नाही. कमरेला, दंडाला बांधलेल्या चामड्याच्या ताइतांना हात लावू नये.

जातीसारखी उतरंड इथेही होती: स्वतंत्र कुळे, लोहार-चांभार-भाट असे कारागीर, आणि गुलामांचे वंशज. लग्नाच्या बोलण्यांत तिचे अवशेष आजही दिसतात. भारतीय माणसाला ती चटकन ओळखू येते आणि कुतूहलाने विचारावेसे वाटते. विचारू नये, कोणी आपणहून सांगितले तर ऐकावे.

जपून बोलायचे विषय

भारतीय म्हणून तुमच्याकडे दोन प्रतिमांतून पाहिले जाईल. एक हिंदी चित्रपटांची, आणि दुसरी व्यापाऱ्याची. काजूच्या हंगामात इथल्या कच्च्या बियांचा बराच माल भारताकडे जातो, त्यामुळे भाव विचारणारेही भेटतील. तिसरी गोष्ट दुःखाची आहे. २०२२ मध्ये भारतात बनलेल्या खोकल्याच्या औषधांचा संबंध मूत्रपिंडे निकामी होऊन दगावलेल्या सुमारे ७० गॅम्बियन मुलांच्या मृत्यूंशी जोडला गेला आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्या औषधांविषयी इशारा दिला. हा विषय कोणी काढला तर देशाची बाजू मांडत बसू नये. शोक व्यक्त करावा आणि ऐकून घ्यावे. औषधे वाटण्याचे काम करणाऱ्याने तर हे विशेष ध्यानात ठेवावे.

मुलींच्या खतन्यावर २०१५ पासून कायद्याने बंदी आहे. ती उठवण्याचे विधेयक जुलै २०२४ मध्ये संसदेने फेटाळले. गावागावांत यावर तीव्र मतभेद आहेत. पाहुण्याने यावर भाषण दिले तर ज्या स्थानिक स्त्रिया ही प्रथा थांबवण्याचे काम वर्षानुवर्षे करत आहेत त्यांनाच 'परक्यांच्या हस्तक' ठरवले जाते. तुम्हाला विचारणा झाली, तर आरोग्यसेविकेकडे बोट दाखवावे.

मुलांच्या दीक्षेच्या काळात झाडाच्या सालीने अंग झाकलेला कांकुरांग हातात सुरे घेऊन गावातून फिरतो. युनेस्कोने २००५ मध्ये या विधीला मान्यता दिली, म्हणून तो पाहण्याजोगा कार्यक्रम आहे असे समजू नये. बायका आणि दीक्षा न झालेली मुले त्या वेळी घरात थांबतात. तुम्हीही यजमान सांगेल तसे आत थांबावे आणि कॅमेरा बाहेर काढू नये.

तुम्ही कोणत्या देवाला मानता हे सर्वजण विचारतील. हिंदू आहे असे सांगावे, आम्हीही प्रार्थना करतो असे सांगावे. 'मी काही मानत नाही' या उत्तराने लोक गोंधळतात. रमजानमध्ये दिवसा चारचौघांत खाऊ-पिऊ नये.

निघताना

निघण्याची तारीख महिनाभर आधी अल्कालोला कळवावी आणि पुन्हा प्रत्येक अंगणात जाऊन यावे. मागे ठेवायच्या वस्तूंची, म्हणजे सायकल, गादी, भांडी, मच्छरदाणी यांची यादी करून ती कर्त्याशी बोलून ठरवावी आणि वाटप त्याच्या हातून, दिवसाउजेडी व्हावे. गुपचूप एकाला दिलेली वस्तू पुढे त्याच्याच वाट्याला भांडण आणते. ओसूसूची उरलेली पाळी कोण भरणार हे मंडळात सांगून जावे. तूमाला आणि त्याच्या मुलांना वेगळे काही द्यावे. दूरध्वनी क्रमांक देताना मात्र विचार करावा, कारण तो दिला म्हणजे शुक्रवारी, कोरितेला (रमजान ईदला) आणि तोबास्कीला (बकरी ईदला) फोन येणार, तुमच्या आई-वडिलांची नावे घेऊन विचारपूस होणार आणि बोलण्याच्या शेवटी कधीतरी मेंढ्यासाठी पैशांची मागणीही होणार. फोन उचलायचा असेल तरच क्रमांक द्यावा.